परातीबाहेरचे दोन छर्रे

कुठलीही वस्तू हातात घेतली की ते आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. चहाचा कप असो, स्टीलच्या डब्याचं झाकण असो, नाहीतर आमच्या जेवणाच्या टेबलाची काच असो. अंगठा सावकाश चालायचा, डोळे भलतीकडे असायचे आणि मग निकाल लागायचा, "धार राहिलीय." किंवा नुसतंच, "हं, चांगलंय." पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या ठेवणीतल्या कपाची कड अशी तपासली, आणि मला वाटलं कप नीट धुतला गेला नाही की काय.

ईरा, निहार, परवा व्हिडिओ कॉलवर निहारने मला विचारलं की आजी, बंदूक असलेल्या कुणाला तू ओळखायचीस का. बंदूक घेऊन कुणी आत शिरलं तर काय करायचं म्हणून शाळेत दारं लावून, दिवे घालवून बाकाखाली बसायची कवायत झाली होती म्हणे, त्यावरून हा प्रश्न आला. "लिहून कळवते," असं मी म्हटलं. मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, हे तुमच्या आईला माहीत आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण हा माणूस माझ्या आठवणीत मराठीतच बोलतो. अडेल तिथे आईला विचारा.

तुम्ही सिंगापूरला, बेडोकच्या आमच्या घरी आला होतात तेव्हा फार लहान होतात. तेव्हाही आम्ही चौदाव्या मजल्यावरच राहत होतो. हे गृहस्थ सहाव्या मजल्यावर एका तमिळ कुटुंबाच्या घरात खोली भाड्याने घेऊन राहायचे. ओळख लिफ्टमध्ये झाली. मी बाजारातून भाजीची ट्रॉली ओढत आले होते. तिच्या मुठीची पत्र्याची कड रोज माझ्या बोटाला लागायची. त्या दिवशी जरा जास्त लागली आणि मी "आई गं" म्हणाले. कोपऱ्यात उभा असलेला, खाकी पँट घातलेला, बारीक मिशीचा माणूस एकदम म्हणाला, "बगू ताई. कड तशीच सोडलीय त्यांनी."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढावं तशी एक बारीक कानस काढली. सहावा मजला आला आणि गेला. ते उतरलेच नाहीत. चौदाव्या मजल्यावर आमच्या दाराबाहेर उकिडवे बसून त्यांनी ती मूठ घासली, अंगठा फिरवला, मला फिरवायला लावला आणि पाण्याचा घोटही न घेता जिन्याने खाली निघून गेले. तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "सुताराला बोलावलं होतंस?"

ते सुतार नव्हते. भारतीय सैन्यात बावीस वर्षं आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे कारागीर. हवालदार म्हणून निवृत्त झाले, म्हणून आम्ही त्यांना हवालदार म्हणायचो. गाव सातारा जिल्ह्यात, बायको गावाला, मुलगी कराडला नर्सिंगला. इथल्या एका सुरक्षा कंपनीने त्यांना वर्कशॉपमध्ये घेतलं होतं. ती कंपनी बँकांची रोकड पोचवायची. गाडीबरोबर जे हत्यारी गार्ड जातात त्यांच्या छऱ्यांच्या बंदुका साफ ठेवणं, तपासणं, दुरुस्त करणं हे त्यांचं काम. कंपनी दर दोन वर्षांनी त्यांच्या पासच्या, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचा अर्ज करायची, आणि पास मिळाला की ते आमच्याकडे जिलेबी आणायचे.

निहार, इथे तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर देऊन टाकते. त्यांच्याकडे बंदूक नव्हती. या देशात घरात एक काडतूस सापडलं तरी तुरुंगात जायची पाळी येते. बंदुका कंपनीच्या कुलपात राहायच्या आणि हे संध्याकाळी रिकाम्या हाताने बसने घरी यायचे. खाली खेळणारी मुलं त्यांना अडवायची. "अंकल, यू शूट पीपल आह?" हे मान हलवायचे. "नो शूट. आय बार्बर. गन बार्बर." मग आम्हाला मराठीत सांगायचे, "पर न्हाव्याचं चुकलं तर केस परत वाढत्यात, ताई. माझं तसं न्हाई."

मी सांगते आहे त्या वर्षी इथल्या देशाला पन्नास वर्षं झाली म्हणून ब्लॉकच्या प्रत्येक कठड्यावर झेंडे लागले होते. झेंडे उतरायच्या आधीच शेजारच्या देशातल्या जळत्या जंगलांचा धूर शहरावर आला. खिडक्या बंद, तोंडाला मास्क, आणि सूर्य सकाळी दहा वाजता संत्र्यासारखा. अशा एका रविवारी हवालदार हातात प्लास्टिकची फाइल घेऊन आले.

"ताई, एक इंग्लिश रिपोर्ट करायचाय. साहेबांना इचारलंय. ते म्हणाले, आंटीकडनं टाइप करून घे, फक्त कंपनीचं नाव टाकू नको, ते हिकडं घालू."

मी आयुष्यभर कचेरीत साहेबलोकांची पत्रं टाइप केलेली बाई. टेबल पुसलं, चष्मा घातला आणि म्हटलं, "सांगा."

"लिहा, की नळी कापावी."

"का कापावी?"

"साहेबांना पायजे."

"हे कारण रिपोर्टमध्ये चालत नाही."

आजोबा हसले. हवालदारही हसले आणि मग नीट सांगायला लागले. कंपनीने नव्या गाड्या घेतल्या होत्या. त्यांची दारं अरुंद. गार्ड उतरताना बंदुकीची नळी दाराच्या चौकटीला आपटायची. टक्. कधी गार्ड अडकायचाच. ज्याने पैशांकडे लक्ष ठेवायचं तो दारात बंदूक सोडवत बसायचा. तेव्हा साहेबांच्या मनात आलं की सगळ्या चाळीस बंदुकांच्या नळ्या सहा-सहा इंच कापाव्यात. परदेशी कॅटलॉगात तशा आखूड बंदुका त्यांनी बघितल्या होत्या. पोलिसांची परवानगी काढायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि त्यासाठी कारागिराचा अहवाल लागत होता.

"कापल्यावर काही बिघडतं का?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या सवयीचा होता. कुठल्याही अहवालात दुसरी बाजू लागते.

त्यांनी नळाखाली धरावा तसा हात पुढे केला. बोटं जवळ घेतली. "बोटं अशी आवळली की पाण्याची धार एकजीव पडती. ह्या नळ्या तोंडाशी जरा आवळलेल्या हायत. एका बारात नऊ छर्रे असत्यात, ते जवळजवळ जात्यात. तोंड कापलं की आवळण गेली. मग छर्रे पसरत्यात. जरासं."

"जरासं म्हणजे किती?"

"जरासंच की." त्यांचा चेहरा थोडा उतरला. "ताई, बावीस वर्षं केलंय मी हे."

मी "जरासं" टाइप केलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. माझ्या हाताखाली कुणी असा शब्द लिहिला असता तर मी कागद परत पाठवला असता.

परवानगी आली आणि त्यांनी नमुन्याची पहिली बंदूक कापली. त्या संध्याकाळी ते मास्क हनुवटीवर ओढून, बोलत बोलतच घरात शिरले. नळी कशी मशीनवर बांधली, पातं कसं गरम होऊ दिलं नाही, तोंडाची कड किती वेळ घासली. "आरसा केलाय ताई, आरसा. साहेबांनी मला अंकल म्हटलं. व्हेरी नाइस अंकल." एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर जिलेबीच्या दिवशीही बघितला नव्हता. आजोबांनी त्यांना तोंड धुवायला पाठवलं. धुराने डोळे लाल झाले होते.

मग चाचणी झाली. कंपनीच्या रेंजवर कागद लावून, जुन्या बंदुकीतून तीन बार आणि कापलेलीतून तीन. ते सहा कागद अहवालाला पुरवणी म्हणून जोडायचे होते म्हणून गुंडाळी करून माझ्याकडे आणले. "सर्व छर्रे कागदावर" हे वाक्य त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी ते टाइपही केलं होतं. ते खाली गेल्यावर मी कागदांवर क्रमांक घालायला बसले. क्रमांक घालायचे तर भोकं मोजायला हवीत. माझा स्वभाव. पेन्सिलने प्रत्येक भोकाला गोल केला.

जुनी बंदूक: नऊ, नऊ, नऊ. कापलेली: सात, आठ, सात.

पुन्हा मोजली. मग सहाव्या मजल्यावर फोन केला.

ते वर आले, बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "दोन एकाच भोकातनं गेले असतील. होतंय तसं."

"तिन्ही वेळा?"

त्यांनी एक कागद उचलला आणि एका भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. एकाच भोकातून दोन गेले असते तर भोक लांबट झालं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत होतं. सगळी भोकं गोल होती.

"कागद लहान पडला," ते शेवटी म्हणाले. "ताई, रुंद कागद हाय का तुमच्याकडं?"

तुमच्या आईच्या शाळेच्या दिवसांपासून मी पुस्तकांना घालायच्या खाकी कागदाची गुंडाळी बाळगून आहे. त्याचे लांब पट्टे मी चिकटपट्टीने जोडून दिले, चांगले पलंगाच्या चादरीएवढे. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुरात, काखेत ती गुंडाळी घेऊन बसस्टॉपवर उभे असलेले हवालदार मला खिडकीतून दिसले.

संध्याकाळी आम्ही सोफा मागे सरकवून तो कागद फरशीवर पसरला. त्यांनी माझं ताट मागितलं. जुन्या बंदुकीची नऊ भोकं ताटाखाली झाकली गेली. कापलेल्या बंदुकीसाठी मी परात आणली, तुम्ही तीत बसून आंघोळ केली आहे ती. परात ठेवून पेन्सिल फिरवली. सात छर्रे आत. दोन बाहेर. एक वर डावीकडे, आणि एक अगदी कागदाच्या टोकाला. तिथे तुमचे आजोबा उभे होते, चपलेचा अंगठा भोकापासून वीतभर. त्यांनी खाली बघितलं आणि पाय मागे घेतला.

"पंधरा मीटरावर हाय हे," हवालदार म्हणाले. "बाजारात गार्ड न् चोरात तेवढंच अंतर असतंय."

आता अडचण काय होती ती नीट समजून घ्या. नळी कापावी हा पहिला अहवाल साहेबांच्या टेबलावर गेलेला. परवानगी हातात. उरलेल्या एकोणचाळीस नळ्या सोमवारपासून कापायच्या. रुंद कागदाची चाचणी कुणी मागितली नव्हती, कुणाला ठाऊकही नव्हती. आणि हवालदारांच्या पासच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याच महिन्यात, त्याच साहेबांच्या सहीसाठी, त्याच टेबलावर पडलेला. मुलीचं शेवटचं वर्ष बाकी होतं.

मी तेव्हा जे बोलले ते लिहायला मला बरं वाटत नाही, पण तुमच्यापासून लपवलं तर या लिहिण्याला काही अर्थ नाही.

मी म्हटलं, "आधी पास होऊन जाऊ दे. महिन्याभराने लिहू."

"महिन्याभरात चाळीसच्या चाळीस कापून होतील."

"मग कापायला उशीर करा. मशीन बिघडलंय म्हणून सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगताय हे, ताई?"

मग ते कागदाची घडी करायला लागले. आजोबा एक टोक धरायला गेले. दारात चपला घालताना हवालदार म्हणाले, "उद्या शनिवार. बाजारात जाणार न्हवं? मी येतो पिशवी धरायला."

बेडोकचा बाजार शनिवारी सकाळी धुरातही भरलेलाच. मास्क लावून लोक भाजी घेत होते, मास्क खाली करून कॉफी पीत होते. टेबलांवर जागा धरायला टिश्यूची पाकिटं ठेवलेली. पैशांच्या मशीनपुढे रांग. दहाच्या सुमाराला रोकडीची गाडी आली, नवी, अरुंद दाराची. रांग जागची हलली नाही. इथे लोकांना त्या गाडीची इतकी सवय आहे की बाजूच्या बाकावर बसलेल्या आज्यांनी पायसुद्धा आवरले नाहीत.

"तुम्ही हितं उभ्या राहा," ते मला म्हणाले आणि स्वतः मीटरभर लांब पावलं मोजत गाडीच्या बाजूला गेले. पंधरा पावलांवरून वळले, माझ्याकडे बघितलं आणि परत आले. "आता तुम्ही चोर, न् परात छातीशी धरलीय असं समजा. डाव्या हाताला परातीबाहेर कोण हाय?"

डाव्या हाताला बाळाला कडेवर घेतलेली एक मलाय मुलगी होती. उजवीकडे एक म्हातारा, हातात गरम बावची, म्हणजे वाफवलेल्या सारणाच्या पावांची, पिशवी. मागे शाळेचे गणवेश घातलेल्या दोघी. मी मोजत होते, सवयीने, आणि पाचव्यावर थांबले.

"कळलं," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलंच नाही. ते गाडीकडे बघत होते. गार्ड उतरत होता. बुटका, तरुण, चिनी वळणाचा चेहरा. नळी चौकटीला लागली. टक्. मग त्याने बंदुकीचा मागचा लाकडी दस्ता काखेत दाबून धरला.

"बगा, बगा, ताई! काखेत घेतोय! खांद्याला लावत न्हाई!" त्यांनी माझा दंड धरला, जे त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. "हात पुरत न्हाई त्याचा. दस्ता सहा फुटी गोऱ्या माणसाच्या मापाचा हाय. सगळी नळीकडं बगत बसलोय आमी. दस्ता कापायचा. दीड-दोन इंच. लाकूड हाय, चुकलं तर दुसरं बसवता येतं. नळीला हातच लावायचा न्हाई."

"पण दाराला लागेल की नळी."

"दस्ता आखूड झाला की बंदूक अंगाशी येती. उभी धरून उतरता येतंय. लागायची न्हाई." मग जरा थांबून, "बहुतेक."

पिशवी बाजारातच राहिली. आजोबा जाऊन घेऊन आले.

त्याच दुपारी दुसरा अहवाल टाइप केला, नळी नको, दस्ता कापावा असा. त्यात एका वाक्यावरून आमचं वाजलं. मी लिहिलं होतं की पहिल्या चाचणीत एक त्रुटी राहून गेल्याचं आढळलं. साहेबांना लिहायची ही माझी जुनी पद्धत, ज्यात त्रुटी असते पण ती कुणाचीच नसते. मी ते वाचून त्याचा अर्थ सांगितला.

"कुणाची राहिली?" त्यांनी विचारलं.

"ते लिहायची गरज नसते."

"माझी चूक झाली असं लिवा."

"हवालदार, पास..."

"लिवा, ताई. भोकं तुम्ही मोजली हे बी लिवा."

दुसरं मी लिहिलं नाही. पहिलं लिहिलं. खाली त्यांनी मराठीत सही केली, सावकाश, शेवटच्या अक्षराची शेपटी नीट ओढून.

सोमवारचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, साहेबांच्या आवाजात. साहेबांनी कागद वाचला. मग खाकी कागद टेबलावर उलगडला. त्यावर माझ्या परातीचा गोल होता, त्यावर बोट ठेवलं. "धिस वन व्हॉट?" हे म्हणाले, "किचन प्लेट, सर." साहेब मग म्हणाले, "यू से कॅन. नाऊ यू से कॅनॉट. हाऊ मेनी टाइम्स आय गो सी पोलीस, हं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"वन मोअर टाइम, सर."

आजोबा खो खो हसले. हवालदार हसत नव्हते. साहेबही हसले नव्हते म्हणे. पण त्या दिवशी मशीन चालू झालं नाही, आणि कापलेली ती एक बंदूक पोलिसांच्या समोर तोडून टाकायची ठरली. ती यांनीच तोडली.

तीन आठवड्यांनी पासचा निर्णय आला. कंपनी अर्ज करणार नव्हती. वर्कशॉपचं काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं आधीपासून चाललं होतं, असं त्यांना सांगण्यात आलं. असेलही. ते शेवटपर्यंत म्हणायचे की रिपोर्टचा आणि याचा काही संबंध नाही. मी तेव्हाही मानलं नाही, आज मानत नाही. दस्त्यांचं काय झालं तेही त्यांना कळलं नाही. ठेकेदार काय करेल, साहेबांच्या मनात पुन्हा काय येईल, कुणी सांगावं. नूतनीकरण नाही म्हटल्यावर त्यांना कुलपापलीकडे कुणी येऊ दिलं नाही. एवढा एक सल त्यांना होता, आणि तोही एकदाच बोलून दाखवला.

निघायच्या आदल्या दिवशी जेवायला बोलावलं. कंपनीचे सगळे कागद त्यांनी परत नेऊन दिले होते, ताटाचा आणि परातीचा गोल असलेलेसुद्धा, त्यामुळे माझ्या फायलींत त्यांचं काहीही नाही. जेवण झाल्यावर आजोबा आत गेले तेव्हा मी म्हटलं, "हवालदार, त्या दिवशी मी तुम्हाला वाईट सल्ला दिला."

"कंचा? मशीनचा?" त्यांनी हात झटकला. "तो घरच्या माणसाचा सल्ला होता ताई. आमच्या मंडळींनी फोनवर शब्दाला शब्द तोच दिला. मशीन बिघडलंय म्हणा. मी म्हटलं, आता काय करावं? दोन देशांत दोन बायका एकच बोलत्यात, म्हंजे काळजीच असणार ती." मग म्हणाले, "पर तुम्ही भोकं मोजली न्हवं? मी मोजलीच नव्हती. मला आरसा दिसत होता."

विमानतळावर आजोबा गेले, मी गेले नाही. गर्दीत निरोप घेणं मला जमत नाही.

सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत मग एक मुलगा आला, संगणकावर काम करणारा. लिफ्टमध्ये कानात बोंडं घालून उभा असतो. चांगला आहे. दार धरतो.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मी लिटिल इंडियात गेले होते, पणत्या आणि भाजणीचं सामान आणायला. रस्त्यावर रोषणाई, माणसांना चालायला जागा नाही. सराफाच्या दुकानाशेजारच्या बँकेपुढे ती गाडी उभी होती आणि दोन गार्ड बाहेर होते. मी फुलवाल्याच्या पाटीआड उभी राहून बघितलं. नळ्या पूर्वीइतक्याच लांब होत्या. आणि दस्ते आखूड होते, नवे, काळे, खांद्याला नीट लागलेले. त्यांच्या पुढ्यातून मोगऱ्याचे गजरे घेतलेल्या बायका, मुलं, आईस्क्रीम खात जाणारी कामगार पोरं, सगळे जात होते.

फोटो काढायची सोय नव्हती. घरी आल्याबरोबर फोन लावला.

"नळी?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, तब्येत नाही.

"तेवढीच आहे. दस्ता कापलाय."

पलीकडे कुठेतरी पाण्याचं इंजिन चालू होतं. मग, "उतरताना दाराला लागली का?"

ते बघायचं मला सुचलंच नव्हतं. गार्ड आधीच उतरलेले होते. तसं सांगितलं. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले, आणि मुलगी साताऱ्याच्या दवाखान्यात लागली ते सांगायला लागले. पण आवाज मला कळला.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले. पणत्या घेऊन झाल्या होत्या, काहीच घ्यायचं नव्हतं. त्याच बँकेपुढे, त्याच वेळेला, छत्री उघडून पाऊण तास उभी राहिले. फुलवाल्याने मला प्लास्टिकचं स्टूल दिलं. गाडी आली. दार उघडलं. पहिला गार्ड बंदूक उभी, अंगाशी धरून उतरला. मग दुसरा.

घरी येऊन फोन केला तर त्यांच्या मंडळींनी उचलला. "ते रानात गेल्यात. फोन हितंच ठेवलाय. काय निरोप द्यू?"

"म्हणावं, सिंगापूरहून ताईंचा फोन होता. सांगा, दाराला लागत नाही."

"कशाच्या दाराला?"

"त्यांना कळेल."

"एवढंच?"

"एवढंच."

"दाराला लागत न्हाई," त्या माझ्यासाठी एकदा म्हणाल्या, आणि मग, विसरू नये म्हणून असेल, स्वतःशी पुन्हा एकदा.